हिशेबाची वही, प्रायश्चित्ताची नव्हे

भीमजयंतीच्या जेवणाला 'नको' म्हणण्याची आपल्याकडे पद्धत नाही, आणि ती पडूही नये. २०२४ सालच्या १४ एप्रिलला रविवार होता. सकाळी वंदना, मग रक्तदान शिबिर, संध्याकाळी मिरवणूक आणि त्याआधी वस्तीतल्या मांडवात भोजनदान. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि जिलबी. वाढणारी मुले आपलीच, आग्रह करणाऱ्या मावश्या आणि वहिनीही आपल्याच. मी कार्यकर्ता, म्हणून सगळ्यांच्या पंगती उठल्यावर शेवटच्या पंगतीला बसलो. दिवसभर उन्हात फिरून पोट पाठीला लागले होते. किती खाल्ले ते कळले नाही.

कळले ते रात्री, वही उघडल्यावर.

ही वही कसली ते सांगतो. २०२३ साली मला मधुमेह निघाला. आमच्याच विहारात आम्हीच भरवलेले तपासणी शिबिर, लोकांना रांगेत उभे करणारा मीच. शेवटी सहज म्हणून बोट पुढे केले आणि साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. मी कार्यालयात हिशेबाच्या टेबलावर बसतो हे कळल्यावर ते म्हणाले, "मग रोज काय खाता ते लिहीत चला. दिवसाला १८०० कॅलरीच्या आसपास राहा." बी. कॉम. झालेल्या कारकुनाला यापेक्षा सोपे पथ्य कोणते? मी दोनशे पानी वही आणली, रकाने आखले, तारीख, वेळ, पदार्थ, कॅलरी. सहा-सात महिने वही चोख चालली. वजनही थोडे उतरले.

जयंतीच्या रात्री बेरीज मांडली. सहा पुऱ्यांच्या ६००, भाजीच्या २५०, दोनदा घेतलेल्या मसालेभाताच्या ५००, जिलबीच्या ४५०. झाल्या १८००. अख्ख्या दिवसाच्या कॅलरी एका पंगतीत संपल्या होत्या, सकाळचे चहा-पोहे वेगळेच. ते आकडे बघून मला स्वतःची अशी लाज वाटली, की जणू मी संस्थेच्या पेटीतले पैसे खाल्ले आहेत. मी ते पान फाडले. आणि ठरवले, उद्या दिवसभर अन्नाला शिवायचे नाही.

दुसऱ्या दिवशी पत्नी म्हणाली, "अहो, गोळी घेताय तर चतकोर भाकरी तरी खा." मी ऐकले नाही. उपाशी पोटी गोळी घेतली आणि कामावर गेलो. साडेबाराच्या सुमारास हात थरथरू लागले, शर्ट घामाने भिजला, समोरच्या कागदावरची अक्षरे एकमेकांत मिसळली. मी खुर्चीवरून खाली आलो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या घरी मधुमेहाचा माणूस आहे, त्यांनी ओळखले. साखरेचे पाणी पाजले, रिक्षात घालून दवाखान्यात नेले. तिथे पोहोचल्यावरही साखर ५४ होती. ७० च्या खाली गेली की धोका सुरू होतो.

डॉक्टर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "काल जास्त जेवलात, त्याने तुम्ही पडला नाहीत. आज जेवला नाहीत, त्याने पडलात."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. म्हणून हा लेख.

मागच्या दाराने आलेला उपास

बंधू-भगिनींनो, १९५६ नंतर आपल्या आईवडिलांनी घरातून काय काय बाहेर काढले ते आठवा. नवस गेले, अंगात येणे गेले, पापे धुण्यासाठी करायचे उपास गेले, प्रायश्चित्त गेले. चूक झाली तर तिचे कारण शोधा आणि वागणे सुधारा, देह जाळून काही सुटत नाही, हे आपण शिकलो. स्वतः सिद्धार्थ गौतमांनी बोधीच्या आधी उपासमारीचा मार्ग करून पाहिला. हाडांचा सापळा झाला, पण ज्ञान मिळाले नाही. सुजातेची खीर घेतल्यानंतर ते वृक्षाखाली बसले. वैशाख पौर्णिमेला आपण खीरदान करतो ते याच आठवणीसाठी.

आणि त्याच घरात मी, रविवारी मुलांना विहारात हे सगळे शिकवणारा माणूस, एका वहीपुढे पापी होऊन बसलो होतो! कॅलरी हा शब्द विज्ञानाचा, पण त्याच्या पाठीमागून मी जो उपास केला तो जुनाच होता. जास्त खाल्ले हे पाप, उपाशी राहणे हे प्रायश्चित्त. फक्त पोथीच्या जागी वही आली होती. हल्ली वहीच्या जागी फोनमधले ॲप असते. मर्यादा ओलांडली की आकडा लाल होतो. आमच्या वस्तीतली एक कॉलेजात जाणारी मुलगी तो लाल आकडा पाहून रडते, असे तिच्या आईने मला सांगितले. तेव्हा हे माझ्या एकट्याचे दुखणे नाही, हे लक्षात आले.

दोन्हीकडून अपराधी

आपल्या घरांत या अपराधी भावनेला आणखी एक पदर आहे. माझी आई कर्जत तालुक्यातली. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा ती १४ वर्षांची होती. आपल्या जिल्ह्यातल्या हजारो माणसांसारखी तीही दुष्काळी कामावर गेली. खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या. तेव्हा मिळणारी सुकडी आणि अमेरिकेतून आलेली ती लाल मिलो ज्वारी, या दोन गोष्टींचे नाव काढले की तिचा चेहरा आजही बदलतो. मी लहानपणी ताटात घास टाकला की ती म्हणायची, "आरं, ह्या भाकरीसाठी म्या खडी फोडली. पुसून खा ते ताट."

म्हणून आमच्या पिढीला ताटात टाकले तरी अपराधी वाटते आणि खाल्ले तरी अपराधी वाटते. आईच्या शिकवणीप्रमाणे ताट पुसून खायचे, आणि मग डॉक्टरांच्या वहीत त्याचा गुन्हा नोंदवायचा! दोन्हीकडून आपणच आरोपी.

पण यात आईची चूक नाही आणि आपलीही नाही. ज्या घरांनी पिढ्यान्पिढ्या शिळे-उष्टे खाल्ले, त्या घरांत आता कुठे दोन वेळचे पोटभर मिळू लागले आहे. पुढ्यात आलेले अन्न सोडू नये हे त्या भुकेने शिकवले. ती सवय एका पिढीत जात नाही.

शरीरालाही ती भूक आठवते, असे शास्त्रज्ञ सांगतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि बालकांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू, त्या मानाने चरबी फारशी कमी नव्हती. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांना कमी वजनावरही मधुमेह का गाठतो, याचे एक कारण इथे आहे. आईच्या पोटात अन्न कमी मिळाले आणि पुढे आयुष्यात एकदम जास्त मिळाले, तर शरीराची घडी बिघडते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. एवढी माणसे काय केवळ जिभेच्या लोभाने आजारी पडली? खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता. १९४८ साली विवाह झाल्यावर डॉ. माईसाहेब त्यांच्या पथ्यपाण्याकडे आणि औषधाकडे लक्ष देत. तेव्हा या आजाराची लाज बाळगण्याचे कारण नाही. काळजी मात्र घ्यायची आहे.

आकडा कुठून आला?

कॅलरी म्हणजे अन्नातली ऊर्जा मोजण्याचे माप. धान्यातल्या पिठूळ भागाच्या आणि प्रथिनांच्या एका ग्रॅमला ४, तेल-तुपाच्या एका ग्रॅमला ९. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५०, बाजरीच्या पिठात सुमारे ३६०. भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरले तर २१० च्या आसपास. पण माझ्या पत्नीची भाकरी आणि माझ्या आईची भाकरी यांत निम्म्याचा फरक! तेलाची पळी कुणाची केवढी, कुटाची मूठ कुणाची किती. म्हणजे वहीतला प्रत्येक आकडा हा अंदाज आहे, पावती नव्हे. अंदाजपत्रकात शे-दोनशे इकडेतिकडे झाले म्हणून कोणी कारकून उपाशी राहत नाही.

बायकांमध्ये सध्या दिवसाला १२०० कॅलरींचा आकडा फिरतो आहे. हा आकडा शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतल्या डॉ. लुलू हंट पीटर्स या बाईंनी १९१८ साली आहारावर एक पुस्तक लिहिले, ते प्रचंड खपले. भाकरीकडे भाकरी म्हणून न बघता कॅलरी म्हणून बघा, असे त्यांनी शिकवले आणि वजन उतरवू पाहणाऱ्या बाईला १२०० ची मर्यादा घालून दिली. तो काळ पहिल्या महायुद्धाचा. जास्त खाणारी व्यक्ती म्हणजे देशाचे अन्न दडवणारी, असा सूर त्यात होता. म्हणजे अपराधी भावना त्या मोजणीला पहिल्यापासून चिकटलेली आहे.

आता आपल्याकडचे बघा. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेल्या तक्त्याप्रमाणे बैठे काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला दिवसाला सुमारे १६६० कॅलरी लागतात, मध्यम कष्टाच्या स्त्रीला २१३० आणि जड कष्टाच्या स्त्रीला २७२०. बैठ्या पुरुषाला २११०, जड कष्टाच्या पुरुषाला ३४७०. पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणारी आपली बहीण पहाटेपासून मोळ्या बांधते आणि डोक्यावर वाहते. तिच्या हातात कोणी १२०० चा आकडा दिला, तर ते पथ्य नसून उपासमार आहे. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे २४ टक्के स्त्रियांचे वजन जास्त निघाले, तशा जवळपास १९ टक्के स्त्रिया गरजेपेक्षा बारीकही निघाल्या. एकाच गल्लीत दोघी राहतात. दोघींना एकच वही कशी चालेल?

उपास केल्यावर काय होते

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. ते स्वखुशीने आले होते. त्यांना २४ आठवडे निम्म्या पोटाने ठेवले. धडधाकट, शहाणी मुले. पण काही आठवड्यांत त्यांना अन्नाखेरीज दुसरे काही सुचेना. पाककृती गोळा करू लागली, ताटे चाटू लागली, चिडचिडी झाली. काहींनी चोरून भरमसाट खाल्ले आणि नंतर स्वतःचाच तिरस्कार केला. पोटभर देणे सुरू झाल्यावरही कित्येकांना पोट भरले असे वाटेना.

यावरून काय घ्यायचे? उपाशी ठेवलेले शरीर अन्नावर तुटून पडते, तो स्वभावाचा दोष नाही. आज जास्त खाल्ले म्हणून उद्या उपाशी, उद्या उपाशी म्हणून परवा रात्री पुन्हा जास्त, म्हणून तेरवा पुन्हा उपाशी. हे चक्र फिरवते ती अपराधी भावना. ती वजन उतरवत नाही, वाढवते. आणि साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याला तर ती माझ्यासारखी खाली पाडते.

पसेनदी राजाचे ताट

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच ग्रंथांत आहे. संयुत्तनिकायात कोसलचा राजा पसेनदी याची हकिकत आहे. राजा पोटाला तड लागेपर्यंत भात-कालवण जेवला आणि धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला पापी म्हटले नाही, उपास सांगितला नाही. जो स्मृती ठेवून मापात जेवतो त्याचे दुखणे कमी होते आणि तो निरोगी राहतो, अशा अर्थाची एक गाथा त्यांनी सांगितली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला रोज शंभर कार्षापण देऊ केले आणि आपण जेवताना ती गाथा म्हणायला सांगितले. हळूहळू राजाचा आहार बराच खाली आला, अंग हलके झाले आणि तो समाधानाने आपल्या अंगावरून हात फिरवू लागला.

अट्ठकथेत यापुढचा बारकावा आहे. गाथा म्हणायची ती राजा शेवटचा घास घेईल तेव्हा. तो घास राजाने ठेवून द्यायचा. मग त्या घासात भात किती होता ते पाहून दुसऱ्या दिवशी तेवढे तांदूळ कमी शिजवायचे.

भगिनींनो, माझ्या आईच्या दुष्काळाला आणि माझ्या डॉक्टरांच्या वहीला एकत्र बसवणारी युक्ती ही आहे! अन्न टाकायचे नाही, तर पातेल्यात टाकतानाच कमी घ्यायचे. एकदम नाही, एका घासाएवढे. आणि मोजणी झाली ती राजाला लाजवण्यासाठी नाही, तर उद्याचा तांदूळ ठरवण्यासाठी. पालीत यालाच भोजनातली मत्तञ्ञुता म्हणतात, म्हणजे मात्रा ओळखणे. शिक्षा करणे असा तिचा अर्थ कुठेही नाही.

मी आता काय करतो

पहिली गोष्ट, पान फाडत नाही. हिशेबाच्या वहीत चुकीची नोंद झाली तर पान फाडत नाहीत, खाडाखोडही करत नाहीत. खाली दुरुस्तीची नोंद घालतात आणि पुढे जातात. जयंतीचे १८०० लिहायचे, शेजारी कारण लिहायचे, 'दिवसभर उपाशी, शेवटची पंगत'. कारण सापडले की उपाय सापडतो. आता शिबिराच्या कामात मी खिशात फुटाणे ठेवतो आणि दुपारी दोन घास खाऊन घेतो.

दुसरी, पुढचे जेवण वेळेवर आणि नेहमीएवढे. वगळायचे नाही. ज्यांना साखरेची गोळी किंवा इन्शुलिन आहे त्यांनी तर नाहीच. जास्त खाल्ले म्हणून मनाने गोळी वाढवायची नाही, डॉक्टरांना विचारायचे. उलट साखर उतरल्याची खूण दिसली, घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि मग काहीतरी खायचे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, तडक दवाखाना गाठावा.

तिसरी, जेवण जास्त झाले तर पंधरा मिनिटे चालून यायचे. शिक्षा म्हणून नाही. जेवणानंतर चालल्याने साखर कमी चढते, म्हणून. पत्नीला बरोबर घ्यावे, गप्पा होतात.

चौथी, दुसऱ्या सकाळी वजनकाट्यावर चढू नये. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. एका पंगतीत तेवढे कोणी खात नाही. सकाळी काटा एक किलो जास्त दाखवतो ते मीठ, पाणी आणि अजून पोटात असलेले अन्न. दोन-तीन दिवसांत ते उतरते.

पाचवी, बेरीज दिवसाची न बघता आठवड्याची बघतो. वर्षात जयंती आहे, बुद्धपौर्णिमा आहे, धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे, भाच्या-पुतण्यांची लग्ने आहेत. धरून दहा-पंधरा पंगती. राहिलेले साडेतीनशे दिवस आपली भाकरी-कालवणाचेच आहेत. तब्येत ठरते ती त्या साडेतीनशे दिवसांवर.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. काहींनी ही वही किंवा ॲप ठेवूच नये. जी मुलगी खाल्ल्यावर चोरून उलटी काढते, जेवणाच्या वेळी घरातून निघून जाते, आकडा बघून रडते, किंवा जो माणूस एकटा असताना थांबताच येत नाही इतके खातो, त्यांना आणखी आकडे देऊ नयेत. हा दुबळेपणा नाही, दुखणे आहे, आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, मराठीतही बोलता येते. वस्तीतल्या त्या मुलीच्या आईला मी हेच सांगितले, आणि टोमणे मारू नका असेही. दोघी डॉक्टरांकडे जाऊन आल्या. आता ॲप बंद आहे आणि मुलगी जेवायला आईच्या शेजारी बसते.

२०२५ च्या जयंतीलाही मी शेवटच्या पंगतीला बसलो. तीन पुऱ्या, एकदा भात, एक जिलबी. दुसरी जिलबी एका मावशीने आग्रहाने घातली, तीही खाल्ली. रात्री दोन्ही वहीत लिहिल्या आणि झोपलो. सकाळी आईने पीठ मळायला घेतले तेव्हा मी म्हणालो, "आई, माझी भाकरी थोडी लहान थाप."

तिने परातीतल्या पिठाकडे पाहिले, मूठभर पीठ परत डब्यात घातले आणि म्हणाली, "मंग आधीच सांगायचं की. टाकण्यापरीस हे बरं."